टॉरस जी३सीवर रेड डॉट बसवणे परवडते का?

टेक्सासचा_सातारकर

नमस्कार. मी डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर टॉरस जी३सी हे ९ मिमीचे पिस्तूल घेतले आणि सध्या रेंजवर नियमित जातो. चाळिशीनंतर पुढची माशी (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण) मला धूसर दिसू लागली आहे. त्यामुळे एका सहकाऱ्याच्या पिस्तुलावरील रेड डॉटमधून, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या छोट्या उपकरणातून, नेम धरून पाहिला, तेव्हा फारच सोयीचे वाटले. अडचण अशी की माझ्या पिस्तुलाची स्लाइड (गोळीबरोबर मागेपुढे सरकणारा वरचा भाग) साधी आहे. रेड डॉटसाठी कारखान्यातून पाडलेली खाच तिच्यावर नाही. मला दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे मागची साइट (नेम धरायची मागची खूण) काढून तिच्या खाचेत सरकवायची, रेड डॉट धरणारी, चाळीस-पन्नास डॉलरला मिळणारी पट्टी. दुसरा म्हणजे स्लाइड मिलिंगसाठी, म्हणजे यंत्राने तशी खाच पाडून घेण्यासाठी, पाठवणे. मुळात पिस्तूलच पावणेतीनशे डॉलरचे असताना त्यावर पुन्हा तेवढाच किंवा त्याहून अधिक खर्च करावा का? वापर रेंजवर आणि घरातील संरक्षणापुरता आहे; कमरेला लावून फिरण्याचा विचार नाही.

लेथवाला_ओहायो

पट्टीचा विचार मनातून काढून टाका. तिच्यामुळे रेड डॉट स्लाइडपासून बराच उंच जातो आणि मागची साइट गेलेली असल्याने बॅटरी संपली तर नेम धरायला काहीच उरत नाही. शिवाय सगळा भार मागच्या साइटच्या एका अरुंद खाचेवर येतो. प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड वेगाने मागे जाऊन थांबते आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येऊन थांबते. या दोन्ही धक्क्यांत वर बसलेले वजन आपल्या स्क्रूंना कातरू पाहते. नीट मिलिंग केलेल्या स्लाइडमध्ये हा धक्का खाचेच्या भिंती आणि त्यातल्या उभ्या खुंट्या झेलतात, स्क्रूंना फक्त खाली दाबून धरण्याचे काम उरते. मी उपजीविकेसाठी मिलिंग मशीनच चालवतो, त्यामुळे रेड डॉट कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कशावर आणि कसा बसला आहे याकडे माझे लक्ष आधी जाते.

मिलिंगमध्ये तांत्रिक अडचण काही नाही. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने अनुक्रमांक असलेली फ्रेम म्हणजे पिस्तूल. स्लाइड हा सुटा भाग असल्याने तो कुरिअरने पाठवता येतो. मात्र खर्चाची बेरीज करून पाहा. मिलिंगचे शंभर ते दोनशे डॉलर, उघड्या पडलेल्या पोलादाला गंज लागू नये म्हणून पुन्हा कोटिंग, जाण्यायेण्याचा विमाखर्च आणि डॉटच्या काचेतून दिसतील अशा उंच साइट हव्या असल्यास त्यांचे पैसे वेगळे. एवढे करून ती स्लाइड एकाच ‘फूटप्रिंट’ला बांधली जाते, म्हणजे स्क्रू आणि खुंट्यांची ती ठरावीक मांडणी असलेलेच रेड डॉट पुढे तिच्यावर बसतील. टॉरस हेच पिस्तूल ‘टोरो’ या नावाने, कारखान्यातच खाच पाडून आणि त्या खाचेत बसणाऱ्या, वेगवेगळ्या फूटप्रिंटच्या पट्ट्यांसह विकते. साध्या आणि टोरो आवृत्तीच्या किमतीत दुकानागणिक जो फरक पडतो, तो मिलिंगच्या एकूण खर्चापेक्षा बराच कमी असतो. तुमच्या जागी मी असतो तर जुने विकून टोरो घेतले असते. महागड्या किंवा जिव्हाळ्याच्या पिस्तुलाचे गणित वेगळे असते, पण हे तसे पिस्तूल नव्हे.

कोथरूडचा_जावई

माझे मत थोडे उलटे आहे. बऱ्यापैकी रेड डॉटला दोन-अडीचशे डॉलर पडतात. तेवढ्या पैशांत सरावाची सुमारे हजार काडतुसे येतात आणि नवख्या माणसाचा नेम काडतुसांनी जितका सुधारतो तितका उपकरणाने सुधारत नाही. चाप ओढताना मनगट खाली झुकत असेल तर लाल ठिपकाही त्याच्याबरोबर खाली झुकेल. आधी पुढच्या माशीच्या जागी फायबर ऑप्टिकची उजळ माशी लावून पाहावी.

जाता जाता, हा धागा वाचून कोणी एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना दुकानात जाऊ नये म्हणून लिहितो: अशा व्हिसावरील व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक वा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

दहा_मीटर

काडतुसांविषयीचे म्हणणे पटते, परंतु मूळ प्रश्न डोळ्यांचा आहे हे विसरू नये. मी पुण्यात असताना एअर पिस्तुलाने नेमबाजी करायचे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार तिथे उघड्या साइटच चालतात, भिंग किंवा ठिपका लावता येत नाही. त्यामुळे नजर पुढच्या माशीवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचे हीच सवय अंगात मुरलेली असते. रेड डॉटमध्ये नेमके याच्या उलट करावे लागते: नजर लक्ष्यावर ठेवायची आणि ठिपका तिच्या वाटेत येऊ द्यायचा. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणाऱ्यांना हा बदल वरदान वाटतो. पहिल्या पहिल्या दिवसांत पिस्तूल उचलल्यावर ठिपका सापडतच नाही, तो शोधत मनगट वाकडेतिकडे फिरवले जाते. त्यावर उपाय एकच, रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा वेळ उचलण्याचा सराव करणे.

विकत घेण्यापूर्वी दुकानात ठिपका अवश्य पाहा. दृष्टिवैषम्य असेल तर तो गोल न दिसता धूमकेतूसारखा पसरलेला दिसतो. फोनच्या कॅमेऱ्याने काचेतून छायाचित्र घ्या. त्यात ठिपका गोल आला तर दोष उपकरणात नसून आपल्या डोळ्यात आहे. प्रकाश कमी केल्याने किंवा चष्म्याच्या योग्य नंबराने बहुधा निभावते. ठिपक्याच्या आकाराविषयी सांगायचे तर तो एमओए या कोनाच्या मापात (एका अंशाचा साठावा भाग) मोजतात; ६ एमओएचा ठिपका २५ यार्डांवर सुमारे दीड इंच झाकतो आणि २ एमओएचा सुमारे अर्धा इंच. घरातल्या अंतरांसाठी मोठा ठिपका पटकन दिसतो.

टेक्सासचा_सातारकर

सर्वांचे आभार. टोरो घेण्याचे ठरवत आहे. बसवण्याचे काम घरी करता येईल का आणि झिरो (ठिपका आणि गोळी लागण्याची जागा जुळवणे) किती अंतरावर करावे?

लेथवाला_ओहायो

घरी करता येते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड सुटी करा. स्क्रूंच्या भोकांतील तेल अल्कोहोलने पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) छोटा थेंब लावा आणि रेड डॉटच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच (पिळण्याच्या जोराइतकेच) आवळा. हा आकडा इंच-पाउंडांत असतो आणि बहुधा पंधराच्या आसपास येतो, त्यामुळे तो अंदाजाने गाठू नये, टॉर्क ड्रायव्हरच वापरावा. पट्टीसोबत जे स्क्रू येतात तेच घ्या. ग्लॉक कंपनीच्या एमओएस (रेड डॉटसाठी खाच असलेल्या) स्लाइडमध्ये जास्त लांब स्क्रू आत शिरून एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) दट्ट्याला अडतो हे प्रसिद्ध आहे. अशी शंका इथेही घ्यावी आणि बसवल्यावर स्लाइड हाताने मागेपुढे करून पाहावी. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून कडेपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा, म्हणजे स्क्रू फिरला तर लगेच कळेल.

बॅटरी बाजूच्या कप्प्यातून बदलता येईल असाच रेड डॉट निवडा. जुन्या ट्रिजिकॉन आरएमआरप्रमाणे ती तळाशी असेल तर दर वेळी डॉट उतरवावा लागतो आणि झिरो पुन्हा तपासावे लागते.

झिरोसाठी १० यार्डांवर, हात टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे गट मारत, गोळ्या लागतात तिथे ठिपका आणा आणि मग २५ यार्डांवर तपासा. ठिपका नळीच्या सुमारे इंचभर वर असल्याने तीन-चार यार्डांवर गोळी ठिपक्याच्या पाऊण इंच खाली लागेल. तेवढ्यासाठी स्क्रू फिरवत बसू नका.