अनुभव धागा : जुन्या घराचे संग्रहालय झाल्यावर पुढे काय होते?

पडवीकर

गणपतीपुळ्याहून परतताना मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहिले आणि आमच्या गावातल्या वैद्यांच्या घराची आठवण इतकी उफाळून आली की हा धागा काढल्यावाचून राहवले नाही. केशवसुत १८६६ साली मालगुंडात जन्मले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. त्यांचे स्मारक तिथे झाले ते १९९४ साली, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने. पाठीशी अशी संस्था असली म्हणजे घराला वाली मिळतो. वैद्यांच्या घराला तसा कोणी नव्हता.

चिऱ्याचे जोते, मातीच्या भिंती, पुढे लांबलचक पडवी आणि माजघराच्या भिंतीत औषधांची फडताळे असे ते घर होते. पंचक्रोशीतले रुग्ण त्या पडवीत तासन्‌तास बसून राहत. वैद्यांच्या पुढच्या पिढीने मुंबई धरली तेव्हा गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी ते संग्रहालयासाठी मागून घेतले, दारोदार फिरून खल, सहाणा, काढ्याची भांडी, मापटी आणि जुन्या वह्या गोळा केल्या आणि उद्घाटनाला सारा गाव लोटला. मास्तर होते तोवर रोज सकाळी दार उघडले जाई. ते गेल्यानंतर किल्ली कोणाकडे असावी यावर ग्रामसभेत पुष्कळ बोलणे झाले. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी कोणी करायची याचा मात्र विषयही निघाला नाही. आज पडवीचे छप्पर खाली आले आहे आणि फडताळांना वाळवी लागली आहे.

आपापल्या गावातल्या अशा घरांचे अनुभव कृपया लिहावेत. उद्घाटनाची छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. त्यानंतर दार कोण उघडते, कौले कोण परतते आणि पैसे कुठून येतात, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आत्याबाईंचा भाचा

आमच्या घराला पावसापेक्षा ग्रामपंचायतीच्या उताऱ्याने अधिक छळले. त्यावर पणजोबांच्या चारही मुलांच्या वारसांची नावे होती, त्यांपैकी कोणी नागपूरला, कोणी बडोद्याला, तर एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. गावाला घर द्यायचे हे सर्वांना तोंडी मान्य होते, परंतु हक्कसोडपत्रावर सही करायची वेळ आली की प्रत्येकाला घराविषयी अचानक माया वाटू लागे. अखेर सार्वजनिक न्यास नोंदवून त्याच्या नावे बक्षीसपत्र केले. सर्वांत थोरल्या आत्याबाईंनी वकिलांना एकच प्रश्न विचारला होता, की उद्या या मंडळींनी घर विकून खाल्ले तर काय करायचे? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्यांना समजावून सांगितल्यावरच त्यांनी अंगठ्यावरची शाई पुसली. ज्यांना घर द्यायचे आहे त्यांनी हे कागद सर्व वडीलधारी मंडळी हयात असतानाच करून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीप आणि वासे

पडवीकर, वाचून वाईट वाटले. कौलारू घर एक पावसाळा दुर्लक्षिले तरी चालते, दुसरा मात्र माफ करीत नाही. एक कौल सरकले की पाणी थेट वाशाच्या टोकावर येते, टोक कुजले की सारा भार भिंतीच्या माथ्यावर बसतो आणि मातीची भिंत वरून विरघळू लागते. आमच्याकडे त्यात वानरांची भर असते. त्यांना कंटाळून काही जण कौले उतरवून पत्रे घालतात. गळती थांबते, परंतु वैशाखात त्या घरात पाहुणा दहा मिनिटे थांबत नाही. लाकडाला आम्ही अजूनही काजूच्या टरफलांचे तेल लावतो. त्याने हात भाजतात, वास कित्येक दिवस जात नाही, वाळवी मात्र फिरकत नाही.

मधला चौक

या धाग्यावर पुण्याच्या मंडळींनी बोलावे की नाही, कारण आमच्याकडे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि नावे तेवढी उरली. तरीही दोन घरांविषयी लिहितो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली उपकरणी अशा वस्तू राहत्या वाड्यात जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू त्या काळी घराघरांतून मोडीत निघत होत्या त्या त्यांनी मोलाच्या मानल्या, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. गावातल्या संग्रहालयांनी तलवारी शोधत बसण्यापेक्षा हा कित्ता गिरवावा.

दुसरे घर म्हणजे गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. तो राज्य संरक्षित स्मारक असला तरी केवळ संरक्षणामुळे जिवंत राहिलेला नाही. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला तिथे जी माणसे येतात ती प्रेक्षक म्हणून येत नाहीत. जोतीरावांच्या अस्थी जिथे आहेत त्या तुळशीवृंदावनापुढे हात जोडायला आणि १८६८ साली ज्या घराने आपल्या आवारातले पाणी अस्पृश्यांसाठी खुले केले ते घर मुलांना दाखवायला येतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या नायगावातही हेच घडते. ज्या घराकडे येण्याचे कारण लोकांपाशी आधीपासून असते त्याला निमंत्रणपत्रिका छापाव्या लागत नाहीत.

नियमावली

आमच्या गावच्या संग्रहालयात ओटीवर शिसवी झोपाळा आहे आणि त्यावर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी लावलेली आहे. पाटी लावणारे गृहस्थ दुपारी त्याच झोपाळ्यावर झोपतात.

आत्याबाईंचा भाचा

आपल्या गावाचे नाव कळवावे, कारण हे वर्णन आमच्या अध्यक्षांना तंतोतंत लागू पडते.

धाब्याचे घर

आमच्या खानदेशात कौले नाहीत. सागवानी खांब, तुळया, त्यावर किलच्या आणि वर मातीचा थर असे धाबे असते व उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर खारी माती पसरून ते दाबून घ्यावे लागते. आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिकांच्या एका घराचे संग्रहालय करायचे ठरले, निधी आला, आणि ज्या कंत्राटदाराला काम मिळाले त्याने मोठ्या उत्साहाने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. पांढऱ्या मातीची भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेला ओलावा बाहेर पडायला वाट लागते आणि सिमेंट नेमकी तीच बंद करते. परिणामी आतली माती भुसभुशीत झाली, बाहेरचे कवच पोकळ वाजू लागले आणि खांबांची भिंतीत गाडलेली टोके कुजली. पुढे जुन्या गवंड्यांना बोलावून तो गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा केला. चुना भिजत घालून मुरवायला, घाणीत मळायला आणि त्यात गूळ व बेलफळाचे पाणी घालायला वेळ लागतो. अंदाजपत्रकात या वेळेला रकाना नसतो, हीच खरी अडचण आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहीत आहे. चांदोरचे मिनेझिस ब्रागांझांचे घर अनेकांनी पाहिले असेल. घराचे दोन भाग झालेले असून दोन्हींमध्ये कुटुंबीय आजही राहतात, घर स्वतःच दाखवतात आणि निघताना पेटीत देणगी टाकण्याची विनंती करतात. पर्यटकांना त्या विनंतीचा राग येतो असे मी पाहिले आहे. एवढ्या दिवाणखान्यांची झुंबरे, लाकडी जमिनी आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या पावसाळ्याच्या दमटपणात राखायला काय लागते याचा विचार करणाऱ्याला राग येऊ नये. मला ते घर संग्रहालयाच्या आदर्श व्याख्येत न बसणारे तरीही सर्वांत प्रामाणिक संग्रहालय वाटते, कारण तिथे माणसे राहतात म्हणून गळती सुरू झाल्याचे त्याच रात्री कळते.

कॅम्डेनवासी

विलायतेतला एक अनुभव जोडतो. उत्तर लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेऊन संग्रहालय केले, परंतु रस्ता निव्वळ राहत्या घरांचा असल्याने शेजाऱ्यांनी वर्दळीच्या तक्रारी केल्या, कॅम्डेन कौन्सिलने वापर बदलण्यास परवानगी नाकारली आणि चौकशी होऊन २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांच्या पातळीवर ती मिळाली. आम्ही काही मराठी कुटुंबे दर एप्रिलला तिथे जातो. घर विकत घेतले म्हणजे संग्रहालय झाले असे होत नाही, त्या आळीनेही ते मान्य करावे लागते. आता आम्ही जाताना मुद्दाम लहान गटांनी जातो आणि पदपथावर घोळका करीत नाही.

दाखलखारीज

मी आमच्या संग्रहालयाची नोंदवही सांभाळते. वस्तू आली की क्रमांक, मोजमाप, कोणी दिली, ती घरात कशासाठी वापरत आणि कायमची दिली की सांभाळायला, एवढे लिहून घेऊन खाली सही घेते. शेवटच्या रकान्यावरून सर्वांत अधिक वाद होतात, कारण लग्न ठरले की आजीची समई परत मागायला माणसे येतात. हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांहून आणि इतर वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही देणाऱ्याला सांगते. मोडी कागदांना कोणीही चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचे आवरण चढवू नये, ही हात जोडून विनंती.

एक गंमत सांगते. आमच्याकडचे तांब्याचे मोठे तपेले गावातल्या लग्नांना पूर्वीपासून जात असे, म्हणून संग्रहालयात आल्यावरही ते मागण्याची प्रथा सुरूच राहिली. मागच्या खेपेला नेणाऱ्यांनी उपकार म्हणून ते चिंचेने घासून, कल्हई करून, लखलखीत परत आणले. पाहायला आलेल्या तज्ज्ञांनी कपाळाला हात लावला. मी मात्र नोंदवहीत त्या लग्नाची तारीख लिहिली, कारण ते तपेले कशासाठी होते याचा त्याहून चांगला पुरावा मला देता आला नसता.

पडवीकर

सर्वांचे आभार. पैशांविषयी मात्र कोणीच नीट लिहिलेले नाही.

खालची आळी

पैशांविषयी मी लिहितो. आमच्या गावात संग्रहालयाच्या घरातच सार्वजनिक वाचनालय आणून बसवले आणि बहुतेक प्रश्न सुटले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड अशा वर्गानुसार शासनाचे अनुदान मिळते. ते तुटपुंजे असते आणि वेळेवरही येत नाही, तरी त्यातून ग्रंथपालाला मानधन देता येते व दार रोज ठरलेल्या वेळी उघडते. पडवीत वर्तमानपत्रे असल्यामुळे म्हातारी मंडळी सकाळपासून येऊन बसतात आणि कौल सरकलेले त्यांनाच प्रथम दिसते. शाकारणीसाठी वेगळी वर्गणी न मागता गणेशोत्सवाच्या वर्गणीत तिचा हिस्सा आरंभीच बाजूला काढून ठेवतो, कारण चाकरमानी गणपतीला घरी आलेले असतात आणि त्या दिवसांत खिशात हात सहज जातो. आपल्या वैद्यांच्या घराच्या पडवीचे छप्पर पुन्हा उभे करायचे असेल तर आधी वाचनालयाच्या मंडळींना विचारून पाहावे.

रीप आणि वासे

छप्पर उभे करणार असाल तर जुनी मंगलोरी कौले विकत घेण्यापूर्वी कळवावे. आमच्या वाडीत एक घर उतरवत आहेत आणि मालक कौले फुकट द्यायला तयार आहेत. वाहतूक तेवढी आपली.

पडवीकर

आपल्याला व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. टेम्पो रत्नागिरीहून करावा की चिपळूणहून, हे कृपया सांगावे.

रीप आणि वासे

चिपळूणहून करावा, आणि कौलांखाली भाताचा पेंढा घालायला टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवावे.