'एंजिनाचे आयुष्य ५०' – पण पन्नास काय?

दारव्हेकर

एका शब्दाने मला महिनाभर झोपू दिलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

आमच्या तालुक्यातल्या एका कापूस खरेदी केंद्रासाठी संगणकाची सूचना-पुस्तिका मराठीत करायचं काम दिवाळीआधी माझ्याकडे आलं. गाडी आली की तीन कागद निघतात. भरल्या गाडीच्या वजनाची पावती, रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती, आणि शेवटी हिशेबाची पट्टी. हे कागद तयार करून प्रिंटरकडे धाडणारा सर्व्हर ओरॅकल रिपोर्ट्सचा आहे. त्याच्या पोटात एंजिनं असतात आणि एक एंजिन एका वेळी एकच कागद बनवतं. सकाळी सर्व्हर लागला की किती एंजिनं सुरू करायची, कमीत कमी किती चालू ठेवायची, गर्दीत कितीपर्यंत वाढू द्यायची, हे सगळे आकडे एका फाइलीत लिहिलेले असतात. त्याच फाइलीत आणखी दोन आकडे आहेत: एंजिन लाइफ ५० आणि मॅक्स आयडल ३०.

मी लिहून दिलं, 'एंजिनाचे आयुष्य : ५०' आणि 'कमाल निष्क्रियता : ३०'.

पहिल्या ओळीचा खरा अर्थ असा की एका एंजिनाने पन्नास कागद काढले की ते बंद करायचं आणि गरज असेल तर नवं उभं करायचं. दुसरीतले ३० म्हणजे मिनिटं. जादा एंजिन तेवढा वेळ नुसतं राहिलं तर ते मिटवायचं. एक आकडा कागदांचा, दुसरा मिनिटांचा, आणि माझ्या मराठीत दोन्हींचा पत्ता नाही.

केंद्रावरच्या पोराने ते वाचलं आणि पन्नासाचे पाच हजार केले. मला म्हणाला, "ताई, आयुष्य जितकं जास्त तितकं बरं, नाही का?" आमच्या हिशेबपट्टीच्या नमुन्यातच खोट होती. दर कागदामागे शिक्क्याचं चित्र मेमरीत उघडायचं आणि मिटायचंच नाही. पन्नासाला एंजिन बदलत होतं तोवर ती खोट झाकून होती. पाच हजार केल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मेमरी भरली आणि कागद निघेना. बैलबंड्या आणि मेटाडोर रोडपर्यंत उभे. एक म्हातारे काका कापसाच्या बंडीवर सकाळचे बसलेले होते, दुपारचं जेवणही तिथेच सोडलं. त्या पोराचं काही चुकलं नाही. त्याने मराठी वाचलं, ते मराठी माझं होतं.

तर प्रश्न असा, की या 'लाइफ'ला काय म्हणावं?

कोथरूडचा वाचक

ताई, तुम्ही स्वतःला दोष देता आहात, पण दोष अर्धवट भाषांतराचा आहे. 'एंजिन' तसंच ठेवलं आणि 'लाइफ'चं 'आयुष्य' केलं, असा अर्धा पल्ला गाठू नये. 'प्रक्रियक' म्हणा. आणि 'आयुर्मर्यादा : ५० कार्ये' असं लिहा. 'मर्यादा' म्हटलं की वाढवण्याचा मोहच होत नाही. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द दिले तेव्हा तेही परकेच वाटले असतील. आज कुणाला अडतात? शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

मुर्तिजापूर जंक्शन

आधी ते 'एंजिन' सोडा, आमच्याकडे 'इंजन' म्हणतात. आणि दारव्ह्याच्या माणसाला 'इंजनाचं आयुष्य' म्हटल्यावर काय आठवणार, ते मी सांगतो. आमच्या मुर्तिजापूरहून यवतमाळले जायची ती शकुंतला गाडी. तिचं वाफेचं इंजन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत ते गाडी ओढत होतं, मग डिझेलचं लागलं. माझे आजोबा दारव्हा मोतीबागेवर उतरायचे. इंजन पाणी घेत असलं की ते शेजारी उभे राहून त्याचं वय मोजायचे, वर्षांत. त्या पोराने आयुष्य वाढवलं यात नवल नाही, इंजन जास्त जगलं याचा इथे लोकांना अभिमान आहे.

संगणकवाला, पुसद

मी हेच काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. हा आकडा दोन्हीकडून फसवतो. खूप मोठा केला तर ताईंच्या केंद्रावर झालं ते होतं. १ केला तर दर कागदाला नवं एंजिन उठवावं लागतं. एंजिन उठायला वेळ लागतो, म्हणजे पावती काही सेकंदांत निघायची ती ताटकळते. आणि एंजिनं वाढवली म्हणजे काम वाढतं असंही नाही. चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चारच कामं ओढणाऱ्या मशीनवर वीस एंजिनं लावली तर ती एकमेकांच्या पायात येतात.

भाषांतराचं म्हणाल तर मी नाम शोधतच नाही, वाक्य लिहितो: 'किती कागदांनंतर इंजन बदलायचं : ५०'. 'किती मिनिटं काम नसलं तर बंद करायचं : ३०'. त्यात प्रश्नही आहे आणि एककही.

माझी अडचण 'थ्रुपुट'ची आहे. त्याला काय म्हणता?

पांढरकवडा

थ्रुपुटले 'उरक'. आमच्या मायचा कामाचा उरक पाहून शेजारच्या बाया म्हणत, इच्या हाताले उरक हाय. तासाला किती कागद निघतात तो सर्व्हरचा उरक.

आता ताईंचा सवाल. वर्षांत न मोजता कामात मोजलेलं वय मराठीत हाय आणि ते रोज वापरात हाय. म्हशीच्या बाजारात म्हशीचं वय कोणी विचारते का? "कितव्या वेताची?" असं विचारते. दुसऱ्या वेताची म्हटलं की घेणाऱ्याले समजते किती दूध, किती दिवस, काय भाव. पाच-सहा वेतं झाली की तो हात मागे घेतो. तो आकडा जगण्याचा नाही, व्यायल्याचा हाय. तुमचं इंजन पन्नास कागद व्यालं का थकलं. म्हणून 'इंजनाची वेतं : ५०'. केंद्रावरच्या पोराच्या घरी म्हैस असन तर त्याले समजावून सांगायची गरज नाही.

कोथरूडचा वाचक

कल्पना सुंदर आहे, पण शास्त्रीय लेखनात चालणार नाही. वेत म्हणजे प्रसूती. यंत्र प्रसवत नाही. उद्या हीच पुस्तिका चंदगडला किंवा दापोलीला गेली तर?

पांढरकवडा

दापोलीत म्हशी वीत नाहीत काय?

अमरावतीचे गुरुजी

कोथरूडच्या मित्रांना एक सांगावंसं वाटतं. 'एंजिन' हा शब्द लॅटिनमधल्या 'इन्जेनियम'पासून आला. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, अंगभूत चातुर्य. त्यातला 'जेन्' आणि आपल्या संस्कृतातला 'जन्' हे एकाच मुळाचे. म्हणजे इंजनाच्या पोटात जन्म देणं आधीपासून आहे. 'वेत' तिथे उपरा नाही.

आणि दुसरं. माझं गाव रिद्धपूरपासून जवळ. महानुभाव पंथाचे केशिराज संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं, माझ्या म्हाताऱ्या यामुळे वंचित होतील म्हणून. केशिराजांना संस्कृत येत होतं, नागदेवाचार्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी शब्दाची कसोटी ऐकणाऱ्या म्हातारीवर लावली. ताईंची म्हातारी म्हणजे वजनकाट्यावरचा तो पोरगा. 'प्रक्रियक' आणि 'आयुर्मर्यादा' हे शब्द त्याला नागवतात.

कोथरूडचा वाचक

गुरुजी, आदराने सांगतो, तो दाखला माझ्या बाजूचाही आहे. नागदेवाचार्यांनी मराठीसाठी आग्रह धरला. मी 'सर्व्हर', 'प्रिंटर', 'फाइल', 'मेमरी' यांच्या गर्दीत मराठीसाठीच आग्रह धरतो आहे. वरच्या साऱ्या चर्चेत नामं इंग्रजी आणि क्रियापदं मराठी आहेत. माझी मुलगी असंच बोलते, 'मी ते डाउनलोड केलं, मग सेव्ह केलं.' मराठीत 'केलं' एवढंच उरलं तर आपण काय वाचवलं? 'वेत' मला आवडला, हे मी मनापासून म्हणतो. पण मग 'इंजन'ही आपलं शोधा.

नेर परसोपंत

'वेत' नको. वेत झाल्यावर म्हैस तीच राहते, इथे तर जुनं इंजन जाऊन नवं येतं. आणि अर्धी चर्चा झाली तरी इंजन बंद करण्याचं कारण कोणी सांगतच नाही. ते बंद का करतात? कचरा साचतो म्हणून. याला आमच्याकडे चक्कीवरचं बोलणं आहे. इतकं दळण झालं की चक्कीचा दगडी पाट गुळगुळीत होतो, पीठ जाड यायला लागतं, मग पाट उघडून टाकी लावतात. माझ्या मामाची चक्की होती. पाट उलटा ठेवून ते छिन्नी मारत बसायचे, बारीक खपल्या उडायच्या, म्हणून आम्हा पोरांना अंगणात पिटाळायचे. किती दळणानंतर टाकी लावायची हे त्यांना पिठाला हात लावून कळायचं, घड्याळ पाहून नाही. म्हणून लिहा: 'किती दळणानंतर टाकी : ५०'.

सांगलीकर

चक्की? आम्ही गिरणी म्हणतो. चक्की हिंदी झाली की.

नेर परसोपंत

आमच्याकडे गिरणी म्हटलं की कापडाची. पिठाची ती चक्कीच, आजीच्या आजीपासून. हिंदीत आहे म्हणून मराठी नाही, हे कुणी ठरवलं? वऱ्हाडात आणि नागपूरकडे शंभर शब्द असे आहेत. आमचं बोलणं दर वेळी कुणीतरी हिंदीच्या खात्यावर टाकून मोकळं होतं, याचा मला खरंच त्रास होतो.

सांगलीकर

दुखवायचा हेतू नव्हता, शब्द मागे घेतो. पण टाकी 'लावतात' का? आमच्याकडे जातं 'टाकवून' घेतात.

संगणकवाला, पुसद

दोन्ही म्हणतात. मुद्दा असा की टाकी लावल्यावर पाट तोच राहतो. इथे इंजन मरतं. वेताचा जो दोष तोच टाकीचाही. 'खेप' कशी वाटते? बैल पन्नास खेपा करतो, मग सोडून दुसरा जुंपतात. बैलही बदलतो, मोजणीही कामाची.

पांढरकवडा

खेपीत माल नेणं हाय. कागद बनवणं नाही. घाणा म्हणा मंग. पन्नास घाणे निघाले का कढईतलं तेल बदला. जुन्या तेलात भजं काळं पडते, तेच तुमच्या मेमरीचं.

दारव्हेकर

तुमचं सगळं वाचून काल मी केंद्रावर गेले. वेत, खेप, घाणा, टाकी, आयुर्मर्यादा, सगळे शब्द त्या पोराला वाचून दाखवले. तो वेतावर हसला, खुशीत हसला. मग त्याने माझी पुस्तिका घेतली, 'आयुष्य' निळ्या पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, '५० कागद झाले का नवं'. पुसदच्या दादांनी सुचवलं होतं जवळजवळ तेच, फक्त त्याच्या बोलीतलं. शिक्क्याचं चित्र आता नमुन्यात मिटवून घेतो आहोत, ते वेगळं काम चालू आहे.

पण दुसरी ओळ तशीच राहिली. 'निष्क्रियता' मला आता नकोशी वाटते. त्यात इंजन आळशी आहे असा ठपका येतो. आयडल म्हणजे तयार आहे, काम आलं नाही, एवढंच. मी 'रिकामं' म्हटलं, तो म्हणाला, "रिकामं नाही ताई, उभं."

मुर्तिजापूर जंक्शन

बरोबर बोलला तो. जिनिंगात सरकी काढायचे रेचे माल नसला की 'उभे' असतात. "आज चार रेचे उभे हायेत" म्हटलं की मालकाच्या कपाळावर आठी.

कोथरूडचा वाचक

पण ताई, 'एंजिन उभं करणे' याचा अर्थ तुम्हीच पहिल्या निवेदनात 'नवं सुरू करणे' असा केला आहे. पाहा, 'गरज असेल तर नवं उभं करायचं.' एकाच पुस्तिकेत उभं करणं म्हणजे चालू करणं आणि उभं असणं म्हणजे न चालणं?

पांढरकवडा

मंग 'बसून' म्हणा. काम नसलं का माणूस बसून राह्यते.

नेर परसोपंत

इंजन बसलं म्हणजे बिघडलं. विहिरीवरचं इंजन 'बसलं' असं मामा म्हणाले की आम्ही मिस्त्रीला बोलवायला पळायचो.