पद्मिनीत लाल ‘लाँग लाइफ’ कूलंट नको, जुनं हिरवंच बरं

जुनी_फियाट
वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी इंजिन करून परत रस्त्यावर आली. तेव्हापासून घरात आणि गॅरेजात एकच वाद चालू आहे: रेडिएटरमध्ये घालायचं काय? गॅरेजवाल्यांनी लाल रंगाचं, पाच वर्षं चालणारं कूलंट आणून ठेवलंय. महाग आहे, नव्या गाड्यांत तेच जातं, मग जुन्या गाडीला ते आणखी चांगलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्या रेडिएटरचे सांधे शिशा-कथलाच्या डाखाने जोडलेले. लाल कूलंट ज्या काळात आलं त्या काळातल्या गाड्यांना ॲल्युमिनियमचे रेडिएटर होते, त्यात डाख नव्हताच. म्हणजे ज्या धातूचा विचार करून ते बनलं नाही, तोच धातू माझ्या रेडिएटरमध्ये सगळ्यात नाजूक जागी बसलाय.

आमच्या ओळखीच्या एका पद्मिनीत लाल कूलंट घातलं आणि सात महिन्यांत रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सांध्यातून थेंब पडायला लागले. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या क्लबांचा महासंघ आहे, त्यानेही असलं लाँग लाइफ, म्हणजे गंज रोखायला सेंद्रिय आम्लं घातलेलं कूलंट जुन्या गाड्यांत वापरू नका म्हणून सभासदांना सावध केलं होतं. माझं मत स्पष्ट आहे. जुन्या पद्धतीचं, गंज रोखायला सिलिकेट-फॉस्फेट घातलेलं हिरवं कूलंट घ्यावं आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदलावं. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा, मला खरंच ऐकायचंय.

झेन_९९
माझ्या १९९९ च्या झेनमध्ये गेली अकरा वर्षं लाल कूलंटच आहे, अर्थात वेळेवर बदलून. वॉटर पंप एकदाही गेला नाही, पाणी कधी गढूळ झालं नाही. उलट हिरवं होतं तेव्हा दुसऱ्या वर्षीच टाकीत गाळ दिसायचा. दोन वर्षांनी बदलायचं म्हणता, पण प्रामाणिकपणे सांगा, किती जण बदलतात? पाच वर्षं टिकणारं कूलंट विसरभोळ्या मालकालाही वाचवतं. एका रेडिएटरचा सांधा गळला म्हणून अख्खं कूलंट वाईट ठरवू नका. चाळीस वर्षांचा डाख होता तो, कधीतरी सुटणारच होता.

जुनी_फियाट
तुमच्या झेनचं इंजिन ब्लॉकपासून हेडपर्यंत ॲल्युमिनियमचं आहे. रेडिएटर बदलला असेल तर तोही ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा असणार. तुमच्या गाडीत मीसुद्धा लालच घातलं असतं. म्हणून तर म्हणतोय, गाडी किती जुनी हे बघायचं नाही, पाणी कुठल्या धातूला लागतंय ते बघायचं.

वस्ताद_नाना
पोरांनो, मी १९७८ पासून गाड्या करतोय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटी दिवसाला दोन पाळ्यांत धावल्या, त्यांत कूलंट कोण घालत होतं? नळाचं पाणी. इंजिन हीट झालं की बॉनेट उघडायचं, फडकं घेऊन झाकण हळू सोडायचं आणि पाणी ओतायचं. आपल्याकडे बर्फ पडत नाही. कूलंटमधलं ते न गोठणारं ग्लायकॉल बर्फाच्या मुलखासाठी. पाण्याएवढी उष्णता कुठलंही कूलंट उचलत नाही हे तुमच्या पुस्तकातही लिहिलेलं असेल. पाणी घाला, वर्षातून एकदा रेडिएटर उघडून नळ्या साफ करायला सळ्या मारून घ्या, गाडी तुमच्या नातवापर्यंत चालेल.

ठाण्याची_केमिस्ट
नाना, उष्णतेबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. वजनाला वजन धरलं तर पाणी निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता धरतं. पण दर वर्षी सळ्या का माराव्या लागायच्या? त्या नळ्यांत साचलेला गंज रेडिएटरचा नव्हता, तांब्याला तसला तांबडा गंज चढत नाही. तो बिडाच्या ब्लॉकमधून सुटून आला होता. म्हणजे दर वर्षी तुम्ही इंजिनाचाच थोडा थोडा भाग काढून फेकत होतात. टॅक्सीचं इंजिन ठरल्या वेळी खोललंच जायचं, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. घरच्या गाडीचं तसं नसतं.

आणि हेडचं काय? बिडाला ॲल्युमिनियम चिकटून, मध्ये साधं पाणी, वर तांबं-पितळ. एवढे धातू एका पाण्यात बुडवले की बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. हेडमधली पाण्याची भोकं गॅस्केटपाशी खाल्ली जातात, मग वेल्डिंग आणि फेस मारणं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं आलं.

आता मूळ मुद्दा. जुनी_फियाट, तुमचं निम्मं बरोबर आहे. जुन्या पद्धतीचं कूलंट सगळ्या धातूवर लगेच एक पातळ थर चढवतं. म्हणून ते पटकन काम करतं आणि त्यातला माल दोन वर्षांत संपतो. सेंद्रिय आम्लांवालं जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतं, म्हणून पाच वर्षं पुरतं. पण तांब्या-पितळेला वाचवणारे ट्रायाझोल दोन्हींतही घालतात, त्यामुळे लाल कूलंट तांबं खातं असं म्हणणं चूक आहे. शिशाचा डाख हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे तुमची भीती रास्त आहे.

मी तुमच्या जागी असते तर दोन्हींच्या मधलं, जपानी गाड्यांत असतं तसं फॉस्फेट आणि सेंद्रिय आम्लं एकत्र असलेलं हायब्रिड कूलंट घेतलं असतं. त्यात सिलिकेट नसतं, वॉटर पंपाच्या सीलला त्रास नको म्हणून जपान्यांनी ते टाळलं. युरोपातल्या कंपन्यांनी उलट फॉस्फेट टाळलं, कारण तिकडचं पाणी जड, फॉस्फेटने त्यात क्षार बसतात. एकाच कामाची दोन उत्तरं कशी निघाली ते यावरून दिसतं. रंगावर मात्र जाऊ नका. रंग फक्त डाय असतो, त्याचं कुठलंही मानक नाही. हिरव्या रंगात सेंद्रिय आम्लांवालं कूलंटही बाजारात सर्रास मिळतं. डब्याच्या मागचं वाचा: आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) असं काही लिहिलंय का, आणि ‘सिलिकेट’, ‘ओएटी’ (म्हणजे सेंद्रिय आम्लांवालं), ‘हायब्रिड’ यांपैकी कुठला शब्द आहे.

चंद्रपूरची_८००
ताई, पाण्याबद्दल अजून लिहा, कारण माझं नुकसान पाण्याने झालं. माझी २००४ ची मारुती ८००. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. कूलंट कमी दिसलं की घरच्या बोअरचं पाणी ओतत राहिले, तीन उन्हाळे. चौथ्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट गेलं, ऑइल कॉफीसारखं झालं. हेड उतरवल्यावर आत पांढरा थर, किटलीत बसतो तसा, आणि रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या बंद. कूलंट कुठलं यावर एवढी चर्चा चाललीय, पण डब्यातलं चांगलं कूलंट आणि बोअरचं पाणी एकत्र केलं की सगळा खर्च वाया जातो. आता मी बॅटरीत घालायचं, क्षार काढलेलं पाणीच वापरते, पाच लिटरचा कॅन डिकीत असतो.

आणखी एक, आपल्या सगळ्यांच्या दारात कुत्री-मांजरं असतात. जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी किडन्या जातात.

झेन_९९
हे पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण मग तयार मिश्रणाचा डबा का नको? पाणी कुठलं हा प्रश्नच उरत नाही.

ठाण्याची_केमिस्ट
रिकाम्या यंत्रणेत भरायचं असेल तर तयार मिश्रण छानच. पण जुनी गाडी कधी पूर्ण रिकामी होत नाही. समजा ४ लिटर मावतं आणि खालचा बोल्ट सोडल्यावर अडीच लिटरच निघालं. धुतल्यानंतरचं दीड लिटर पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये तसंच राहतं. वरून अडीच लिटर निम्म्या-निम्म्याचं मिश्रण ओतलं तर सगळं मिळून ग्लायकॉल ३१ टक्क्यांच्या आसपास येतं. लोक समजतात ५० आहे. म्हणून धुतलेल्या जुन्या गाडीत कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आधी ओतायचं आणि मग बॅटरीचं पाणी.

जुनी_फियाट
इथे माझं तुमच्याशी जुळत नाही, ५० टक्के हवेतच कशाला? ५० टक्क्यांचं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. सांगलीत ते काय कामाचं? आंबा घाट साखरप्याकडून चढताना मला उष्णता बाहेर टाकायची असते आणि त्यासाठी पाणी जास्त हवं. ३०-३५ टक्क्यांवर गंजरोधक पुरेसे राहतात. उकळण्याचा बिंदू दोन-चार अंश इकडेतिकडे झाला तरी पाणी उकळू न देण्याचं खरं काम रेडिएटरच्या झाकणाचा दाबच करतो.

ठाण्याची_केमिस्ट
यावर मी भांडणार नाही. ३५ ठीक आहे, ३० च्या खाली मात्र जाऊ नका. लडाखला नेणार असाल तर गोष्ट वेगळी. पण सिलिकेटवरून भांडेन. तुमच्या पद्मिनीचा वॉटर पंप नुकताच नवा घातला असणार. सिलिकेट दोन वर्षांनी जेल होऊन बसलं तर तेच अरुंद नळ्यांत अडकतं, आणि तुमची गाडी वर्षाला किती चालणार? दोन हजार किलोमीटर? उभ्या गाडीत ते आणखी साचतं.

जुनी_फियाट
मुद्दा बिनतोड आहे, नाकारत नाही. तरीही जेल झालं तर मी ते धुऊन काढू शकतो, डाख सुटला तर रेडिएटर उतरवावा लागतो. पद्मिनीचा मूळ रेडिएटर नीट करणारी माणसं आता सांगलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिलीत. चुकायचंच झालं तर मला परत फिरता येईल अशा बाजूला चुकायचंय.

श्टुटगार्टहून
मूळचा पुण्याचा, इकडे फोक्सवॅगनची जुनी गोल्फ चालवतो. एक सांगायचं राहू नये म्हणून लिहितोय. काय घालायचं यापेक्षा आधी आत काय आहे ते महत्त्वाचं. फोक्सवॅगनच्या निळ्या-हिरव्या जी ११ कूलंटमध्ये लाल जी १२ मिसळलं की तपकिरी चिखल होतो, हे इथल्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकला पाठ आहे. पुढे आलेलं जांभळं जी १२ प्लस मिसळायला चालतं म्हणून आणलं होतं. तेव्हा जुनं काय होतं ते माहीत नसेल तर हीटरची खुंटी पूर्ण गरमवर ठेवून, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, मगच पुढचा विचार.

वस्ताद_नाना
सगळं वाचलं. केमिस्ट बाई, ब्लॉकच्या गंजाचं तुम्ही म्हणालात ते मी कधी असं पाहिलं नव्हतं. सळ्या मारताना निघायची ती तांबडी माती ब्लॉकचीच, खरंय. तरी टॅक्सीला त्या दिवसांत दुसरा उपाय परवडणारा नव्हता, एवढं लक्षात असू द्या. जुनी_फियाट, एक विचारतो. इंजिन करताना थर्मोस्टॅटचा वॉल, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा, परत बसवलाय का? आम्ही हीट होते म्हणून सर्रास काढून टाकायचो.

जुनी_फियाट
नाना, तुम्ही विचारलंत म्हणून आज सकाळी गॅरेजला जाऊन हाउसिंग उघडलं. वॉल नव्हता. म्हणजे आजवर इंजिन घाटात तापायचं, पण सपाटीला थंडच चालायचं, कधी नीट गरम व्हायचंच नाही. नवा मागवलाय. तो आल्यावर आधी गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का ते बघणार, मग बसवणार. लाल डबा परत केला. पाठीमागे ‘सिलिकेट’ लिहिलेलं हिरवं कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीच्या पाण्याचे दोन कॅन घेतलेत, ३५ टक्क्यांनी भरतोय. रेडिएटरच्या पट्टीला पत्र्याचा बिल्ला लावून त्यावर तारीख कोरून घेतलीय. ताई, दोन वर्षांनी काढीन तेव्हा काचेच्या बरणीत भरून फोटो टाकतो, जेल निघालं तर तुमचं हायब्रिड घालेन.