ग्रुपवर पाठवलेली माझी उत्तरं कुणालाच पोचत नाहीत, काय करू?

निवांत_नाशिककर
मंडळी, अडलोय. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा मेलग्रुप आहे, साठेक जणांचा. आधी याहू ग्रुप्सवर होता. डिसेंबर २०२० मध्ये ते दुकान बंद झालं, तेव्हा एका वर्गमित्रानं स्वतःच्या डोमेनवर मेलमॅन (मेलग्रुप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून सगळ्यांना तिकडे हलवलं. आता भंडारदऱ्याला स्नेहसंमेलन ठरतंय आणि चर्चा जोरात आहे. सगळ्यांचे मेल मला येतात. मी 'रिप्लाय ऑल' करतो, मेल 'सेंट'मध्ये दिसतो, पण ग्रुपवर काही उगवत नाही. एरर नाही, परत आलेला मेल नाही. दोन महिन्यांत सोळा उत्तरं अशीच गेली. लोकांना वाटतंय मी रुसलोय. काल एकानं फोन करून विचारलं, "काही बिनसलंय का रे?" जीमेल वापरतो. सुरुवात कुठून करू?

चहा_खारी
व्हॉट्सॲप ग्रुप काढा की राव.

निवांत_नाशिककर
आहे तोही. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली हॉटेलचं कोटेशन सापडत नाही.

रानमेवा
आधी एक खात्री करा. आपणच पाठवलेला मेल ग्रुपवरून फिरून आला की जीमेल तो इनबॉक्समध्ये नव्यानं दाखवत नाही. सेंटमधल्या प्रतीचा आणि त्याचा मेसेज-आयडी (प्रत्येक मेलला मिळणारा ओळख क्रमांक) एकच असतो, म्हणून गाळून टाकतं. मी या भानगडीत एकच मेल चारदा पाठवून शिव्या खाल्ल्यात. दुसऱ्या कुणाला मिळालाय का ते विचारा.

निवांत_नाशिककर
विचारलं. पुण्याच्या मित्राकडे नाही. ग्रुपच्या आर्काइव्हमध्येही (जुन्या मेलच्या साठ्यात) नाही.

पोस्टमन_काका
आर्काइव्ह पाहिलंत ते बेस झालं, अर्धं काम तिथंच झालं. आर्काइव्हमध्ये असता तर वाटपात गडबड म्हटलं असतं. तिथंही नाही, म्हणजे मेल दारातच अडलाय. आणि मेल परत आला नाही, म्हणजे सर्व्हरनं तो घेतलाय, फक्त पुढे सोडलेला नाही. (कधी कधी सर्व्हर तात्पुरता नकार देतो, ४ ने सुरू होणारा कोड. मग आपला सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करून शेवटी कळवतो. तुमचे दोन महिने झाले, ते सोडा.)

माझा संशय पत्त्यावर आहे. मेलमॅन फक्त सभासदांचे मेल थेट सोडतो. बिगरसभासदाचा आला की मॉडरेटरसाठी, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्यासाठी, अडवून ठेवतो, मूळ सेटिंगच तसं असतं. आणि सभासद कोण, ते तो पत्त्यावरून ठरवतो, माणसावरून नाही. ग्रुपवर तुमचा नेमका कुठला पत्ता आहे, माहीत आहे?

निवांत_नाशिककर
जीमेलचाच असणार की, मेल तिथंच येतात.

पोस्टमन_काका
येतात म्हणजे तोच पत्ता असं नाही हो. दर महिन्याच्या १ तारखेला मेलमॅनचा पासवर्ड आठवण करून देणारा मेल येतो ना, कुणी वाचत नाही तो? त्यात तुमचा नोंदलेला पत्ता असतो. तो सापडला नाही तर ग्रुपचा कुठलाही मेल उघडून 'शो ओरिजिनल' करा आणि 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळींत एखादा जुना पत्ता दिसतो का पाहा.

सुपारी
टिंबंही पाहा! जीमेल नावातली टिंबं धरत नाही, टिंब घाला नाही तर काढा, मेल त्याच खात्यात येतो. पण मेलमॅनच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. माझ्या नणंदेचं असंच झालं होतं, नोंद टिंबासह आणि पाठवायची टिंबाशिवाय.

निवांत_नाशिककर
काका, पाय कुठे आहेत तुमचे. तो १ तारखेचा मेल इतकी वर्षं न वाचता डिलीट करत आलो. आज कचऱ्यातून काढला. नोंद आहे माझ्या जुन्या धंद्याच्या डोमेनवरच्या पत्त्याची! तो २००८ पासून जीमेलला फॉरवर्ड केलेला, मी विसरूनही गेलो होतो. म्हणजे मेल यायचे त्या दारानं आणि मी उत्तर द्यायचो या दारानं. पण 'अडवलाय' असं मला कळवायला नको का?

पोस्टमन_काका
कळवलं असेल. स्पॅम पाहिलंत?

निवांत_नाशिककर
😐 चार सापडले. "तुमचा मेल मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबला आहे" अशा अर्थाचे. बाकीचे जीमेलनं ३० दिवसांनी पुसले असतील.

पोस्टमन_काका
झालं तर. जीमेलच्या पत्त्यानंही सभासद व्हा आणि जुन्या नोंदीवर मेल येणं बंद ठेवा, नाहीतर सगळं दोनदा येईल. किंवा मित्राला सांगून जीमेलचा पत्ता 'बिगरसभासद पण सोडा' या यादीत टाकून घ्या.

बाकी कुणी हा धागा पुढे वाचेल म्हणून सांगतो, अडवण्याची आणखी कारणं असतात. ग्रुपचा पत्ता बीसीसीमध्ये टाकला तरी अडतो. टू आणि सीसीत मिळून दहा किंवा जास्त पत्ते झाले तरी अडतो. मूळ मर्यादा ४० केबीची, त्यामुळे खाली अख्खं रामायण आणि सहीत कंपनीचा लोगो घेऊन निघालेलं "हो चालेल" सुद्धा लटकतं.

सुपारी
काका, माझं वेगळंच दुखणं. आमच्या भिशीच्या... हसू नका, आमच्या भिशीचा मेलग्रुप आहे, भाच्यानं करून दिलाय. मी याहूवरून लिहिते. आर्काइव्हमध्ये दिसतं, दोघींना ऑफिसच्या पत्त्यावर मिळतंही, पण जीमेलवाल्यांना एकीलाही नाही.

पोस्टमन_काका
ताई, हे दुखणं एप्रिल २०१४ चं. तेव्हा याहूनं जाहीर केलं की आमच्या नावानं आलेला पण आमची ओळख न पटणारा मेल सरळ नाकारा. त्याला डीमार्क म्हणतात. एओएलनंही त्याच महिन्यात तेच केलं. हेतू चोरांना रोखायचा, पण चिरडले गेले मेलग्रुप.

पत्राचंच उदाहरण घ्या. तुम्ही पत्र लिहिलंत, याहूनं त्यावर लाखेची मोहोर लावली (डीकेआयएम). ग्रुपनं ते उघडलं, विषयात ग्रुपचं नाव कंसात घातलं, तळाशी दोन ओळी जोडल्या. मोहोर फुटली. मग ग्रुपनं ते स्वतःच्या पाकिटात घालून पाठवलं, म्हणजे पाकिटावर पाठवणारा ग्रुप आणि आत 'आपली सुपारी, याहू'. पाकीट तपासणारं एसपीएफ ते मान्य करतं, पण पाकिटावरचं नाव आणि आतलं नाव जुळत नाही. मोहोर नाही, नाव जुळत नाही, याहूचा हुकूम आहे नाकारा. जीमेल ५५० चा कोड देऊन नाकारतं. ऑफिसचा सर्व्हर तो हुकूम पाळत नसेल, म्हणून तिथं मिळतं.

यातला खरा अन्याय असा की नकार पडतो घेणाऱ्यांच्या नावावर. मेलमॅनला वाटतं जीमेलवाल्या मैत्रिणींचे पत्तेच बंद पडलेत. दिवसाला जास्तीत जास्त एक गुण धरतो, पाच झाले की त्यांचं मेल येणं बंद. लिहिलं तुम्ही, शिक्षा त्यांना. भाच्याला म्हणावं, मेलमॅन २.१.१८ किंवा पुढची आवृत्ती असेल तर प्रायव्हसीच्या 'सेंडर फिल्टर्स'मध्ये डीमार्कसाठी 'मंज फ्रॉम' निवड. मग पाठवणारा म्हणून 'सुपारी व्हाया भिशी' असं दिसेल आणि पत्ता ग्रुपचा असेल. बंद पडलेल्यांचं मेल मात्र त्याला हातानं सुरू करावं लागेल.

सुपारी
म्हणजे गेल्या महिन्यात मालती आली नाही ती याच्यामुळे! मी तिला फोनवर केवढं बोलले.

निवांत_नाशिककर
अपडेट. ग्रुप चालवणाऱ्या मित्राला फोन केला. मंजुरीच्या सूचना त्याच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर जात होत्या, ती नोकरी त्यानं कधीच सोडलीय. रांग उघडली तर चारशेच्या वर मेल, बहुतेक कचरा. त्यात माझे सोळा. त्यानं उत्साहाच्या भरात सोळाही एकदम मंजूर केले. काल रात्री साठ जणांना माझी दोन महिन्यांची मतं एका मिनिटात मिळाली. त्यात एक होता, "उद्या संध्याकाळपर्यंत खोल्यांचा आकडा कळवा." सात जणांनी घाईघाईनं कळवलाय.