पोळा आणि आमचं वेळापत्रक

सणाच्या गर्दीत ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला न्यावं की घरीच ठेवावं, असं एका ताईंनी विचारलंय. आमचा पोरगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक. सकाळी ७ला त्याच ताटलीत भाकर, मग बाबांसोबत वावरात चक्कर. लाइन गेली अन् पंखा थांबला की दिवस गेलाच!

पोळ्याला ढोलताशांमुळे आधी दार लावून बसायचो. आता आठ दिवस आधीपासून भिंतीवर फोटो क्रमाने लावतो: बैलांची अंघोळ, झूल, तोरण, घर. तोरण तुटून बैल सुटायच्या आधीच परततो. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, मात्र खास त्याचा. लाकडी नंदीची चाकं तासभर फिरवतो. आजी म्हणते दृष्ट लागली. म्हणू द्या.

अन् हो, दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे.