तीन पायांच्या कुत्र्याचं चित्रपुस्तक सुचवा प्लीज

चिमणीची_आई:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमच्या कुत्र्याचा मागचा एक पाय अपघातानंतर काढावा लागला. तो एकदम मजेत आहे, धावतो, खातो, बंदी असून सोफ्यावर चढतो. प्रश्न लेकीचा आहे, चार वर्षांची आहे आणि रोज विचारते की पाय परत कधी येणार, पडलेला दात येतो तसा येईल ना. म्हणून असं चित्रपुस्तक हवंय ज्यात कुत्र्याला काहीतरी अपंगत्व आहे. एक मिळालं होतं पण त्यात शेवटी परी येऊन पाय जोडून देते, ते गुपचूप कपाटावर टाकलंय. भाषा कुठलीही चालेल, वाचून मीच दाखवणार.

वाचनखुळा:
आधी शेवटचं पान उघडायचं. या विषयावरच्या पुस्तकांत कुत्रा एक तर बरा होतो, नाहीतर मरतो, नाहीतर कुणाला तरी आगीतून वाचवतो आणि मग कुठे बाकीचे त्याला खेळायला घेतात. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण पराक्रम केला नसता तर बाहेरच ठेवला असता का त्याला? तुमच्या लेकीला हवाय असा कुत्रा जो शेवटच्या पानावरही तीन पायांचाच आहे आणि चप्पल पळवतोय.

शेपूटवाला:
+१. आणि चित्रं नीट बघा हो. पान पाचवर डावा पाय नाही आणि पान नऊवर उजवा नाही असलं काही असेल तर तुमच्या आधी पोरगी पकडेल. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा पटकन सावरतो, पुढचा गेला तर चालताना प्रत्येक पावलाला डोकं खालीवर होतं. चित्रकाराने खरा तीन पायांचा कुत्रा बघितलाय की नुसता एक पाय खोडलाय ते लगेच कळतं.

डॅशूची_माणसं:
आमच्याकडे डॅशहुंड आहे, मणक्याची चकती सरकून मागचे पाय गेले, त्याला चाकांची गाडी आहे. पुस्तकांत हमखास कुत्रा ती गाडी लावूनच झोपलेला दाखवतात!! अहो, बहुतेक गाड्यांमध्ये नीट आडवं होता येत नाही, फिरून आलं की काढायची असते, आणि पट्टा घासून कातडी सोलवटत नाहीये ना ते बघायचं असतं. गाडी लावणारा, काढणारा हात ज्या पुस्तकात दिसतो ते घ्या, मुलांना ते फार आवडतं, आमच्याकडे येणारी सगळी पोरं आधी बकल लावायला धावतात.

निवांत_०९:
एवढं काय, कुठलंही कुत्र्याचं पुस्तक द्या, मुलं विसरतात.

वाचनखुळा:
@निवांत_०९ विसरायला तो कुत्रा घरातच आहे ना भाऊ.
@चिमणीची_आई, शोधायला एक जागा सांगतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन २००४ पासून श्नायडर फॅमिली बुक अवॉर्ड देते, अपंगत्वाचा अनुभव मांडणाऱ्या मुलांच्या पुस्तकांना, त्यात लहान मुलांचा वेगळा गट आहे. २०१९ ला त्या गटात 'रेस्क्यू अँड जेसिका' होतं. त्यात पाय जातात ते जेसिकाचे आणि कुत्रा तिचा मदतनीस, म्हणजे तुमच्या उलट केस, पण गेलेला पाय परत येत नाही हे त्यात सरळ आहे. हॉस्पिटलची पानं आहेत, आधी एकटीने वाचून ठरवा.

कानडोळा:
पायांवरच अडू नका. आंधळ्या किंवा बहिऱ्या कुत्र्याचं पुस्तक मिळालं तरी घ्या. बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा शिकवता येतात, आंधळा घराचा नकाशा डोक्यात ठेवतो, फक्त खुर्च्या इकडच्या तिकडे करायच्या नाहीत. मुलांना करायला काम मिळतं यातून, नुसतं अरेरे करत बसत नाहीत. आणि फेथचे व्हिडिओ दाखवा यूट्यूबवर, २००२ ला जन्मलेली अमेरिकेतली कुत्री, पुढचे पाय नसल्यामुळे मागच्या दोन पायांवर उभी चालायची. २०१४ ला गेली, ते सांगायचं की नाही तुम्ही बघा.

शेपूटवाला:
किंवा घरीच बनवा ना. त्याचे फोटो प्रिंट करा, एका पानावर एक फोटो, एक वाक्य. ऑपरेशनच्या आधीचा चार पायांचा फोटो वगळू नका, त्यानंतर टाक्यांचा, गळ्यात तो प्लॅस्टिकचा कोन घातलेला, मग सोफ्यावरचा. वाक्यं लेकीला सांगायला लावा.

चिमणीची_आई:
थँक्यू सगळ्यांना, घरच्या पुस्तकाची आयडिया जाम आवडली, आजच फोटो काढायला बसलो. पहिलं वाक्य तिने सांगितलं ते असं: "याचा पाय डॉक्टरांकडे राहिला." आता हे तसंच लिहू की बदलू?

डॅशूची_माणसं:
तसं लिहिलंत तर ती आणायला जाऊ म्हणेल 😄 "डॉक्टरांनी काढला, तो खूप दुखत होता" असं करा.

चिमणीची_आई:
हो, ते बरंय. तिला विचारते.