स्पॉटिंग स्कोपला 60एक्स हवंय कशाला?

सरेकर:
मी इंग्लंडमधल्या बिस्लेच्या रेंजवर टार्गेट रायफल मारतो, 300 ते 1000 यार्ड, प्रोन म्हणजे पोटावर झोपून, पीप साइट म्हणजे दुर्बीण नाही, बारीक भोकातून नेम. नवीन आलेला माणूस स्पॉटिंग स्कोप, म्हणजे शेजारी स्टँडवर लावायची दुर्बीण, घेताना पहिला प्रश्न झूमचाच विचारतो आणि 20-60एक्स (20 ते 60 पट) घेऊन मोकळा होतो. माझं मत स्पष्ट आहे, 25 ते 30एक्सचा फिक्स आयपीस (डोळ्याकडचं भिंग), पुढची लेन्स 80 मिमीच्या आसपासची, तिरपा आयपीस, बास. कारण आपल्याला गोळीचं भोक बघायचंच नाहीये! बट्समधला, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकातला, मार्कर टार्गेट खाली घेतो, भोकात डिस्क लावून परत वर करतो, ती कमी झूमलाही दिसते. स्कोप लागतो तो वाऱ्यासाठी. फोकस टार्गेटच्या अलीकडे आणायचा, टार्गेट जरा धूसर झालं की मधल्या हवेतलं मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, वाऱ्याबरोबर वाहताना दिसतं. 1000 यार्डांवर वारा ताशी एका मैलानं चुकीचा वाचला तरी .308 कॅलिबरची गोळी आठेक इंच सरकते. अशा हवेत 60एक्स लावलं की नुसतं उकळतं पाणी दिसतं.

बालेवाडी_प्रोन:
दादा, बिस्लेपुरतं बरोबर आहे, पण सगळ्यांना तोच नियम लावू नका. आमचं 50 मीटर, .22. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं ती थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) याच अंतरावरची. दहाची रिंग 10.4 मिमी, गोळी 5.6. मॅचमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, शेजारी स्क्रीन असते, मान्य. पण रोजचा सराव कागदावर करणाऱ्या पोराला काळ्यावरचं काळं भोक रिंगला शिवलंय का नाही हे कोण सांगणार, मार्कर येणारे का तिथे? मला 40 लागतं म्हणजे लागतं.

एफक्लासवाला:
मी तर म्हणतो वेगळा स्कोप घेऊच नका. आमच्या एफ क्लासला रायफलवरच दुर्बीण चालते, माझी 55एक्स आहे, मिराज त्यातच दिसतं, वाऱ्याचे झेंडे समोर आहेतच, ते पैसे बॅरल आणि गोळ्यांवर घाला ना राव.

सरेकर:
@एफक्लासवाला तुमच्याकडे रायफलवर काच आहे, आमच्याकडे पीप, तिथून मिराज काय दिसणार. आणि तुमचा फोकस टार्गेटवर असतो, म्हणजे तुम्ही मुख्यतः तिकडचीच हवा बघताय. फायरिंग पॉइंटजवळचा, म्हणजे आपण मारतो तिथला, वारा गोळीला सुरुवातीलाच ढकलतो आणि ती पुढे सगळा वेळ तशीच सरकत जाते, म्हणून तो जास्त महाग पडतो. वेगळ्या स्कोपचा फोकस मी हवा तिथे आणू शकतो.

@बालेवाडी_प्रोन 40 घ्या, पण 60 मिमीच्या लेन्सवर नको. 60 ला 40 नं भागलं की डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा ठिपका दीड मिमीचा राहतो, ढगाळ दिवशी अंधुक दिसतं आणि डोळा जरा हलला की चित्र गायब. 82 ला 27 नं भागा, तीन मिमी येतो.

आणि झूमपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे स्टँड. उजव्या हातानं मारणाऱ्यानं स्कोप डावीकडे, अगदी तोंडाजवळ लावायचा, स्कोपच्या नळीभोवतीची कॉलर (कडं) सैल करून आयपीस डाव्या डोळ्याकडे फिरवायचा, म्हणजे रायफल खांद्यावरून न काढता, कोपर न हलवता नुसती नजर तिकडे गेली पाहिजे. फोटोचा ट्रायपॉड आणला की दर शॉटला उठाबशा आणि पोझिशनची वाट.

बालेवाडी_प्रोन:
स्टँडचं शंभर टक्के पटलं, सरळ आयपीसवाले तर प्रोनला मानच मोडून घेतात. पण झूमवाला 25 वर ठेवता येतो की, फिक्सवाल्यानं 40 कुठून आणायचं?

सरेकर:
ठेवता येतो, पण बऱ्याच झूम आयपीसमध्ये 20-25 वर नळीतून बघितल्यासारखं अरुंद चित्र येतं, आणि चष्मा असेल तर कडा कापल्या जातात. आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा ठेवायचं अंतर, 18-20 मिमी मिळत असेल तर घ्या झूम, माझी काही हरकत नाही.

एफक्लासवाला:
तरी मी घेणार नाही. मिराज उकळायला लागलं की मी थांबतो आणि झेंड्यांकडे बघतो, त्याला काचेची गरज नाही.

सरेकर:
झेंडा उशिरा फिरतो हो, हलका वारा तर त्याच्या जड कापडाला कळतसुद्धा नाही, आणि मिराज तेवढ्यात उलटं वाहायला लागलेलं असतं.